उतरंड

रात्री आठच्या तुकडीला ती मुलगी नेहमी दहा मिनिटं उशिरा येते, आणि तिच्याबरोबर दुधाचा पुसट वास वर्गात येतो. तिच्या वडिलांकडे गावातल्या दूध संकलनाचं काम आहे. दिवेलागणीला लोक किटल्या घेऊन रांगेत उभे राहतात, वडील वजन आणि फॅट बघतात, आणि ही आकडे लिहून घेते. सगळं उरकून कॅन गाडीत चढले की हात धुवायचे, सायकल काढायची आणि माझ्याकडे प्रोग्रॅमिंग शिकायला यायचं, असा तिचा दिवस.

एके दिवशी तिनं स्वतःच्या मनानं लिहिलेला पहिला प्रोग्रॅम दाखवला. वडिलांच्या वहीतला हिशेब तिला संगणकावर आणायचा होता. मी पडदा वर सरकवत गेलो, पण एकाच वळणाच्या ओळी काही संपेनात. दूध१, दूध२, दूध३, असं करत पार दूध६० पर्यंत. सभासद साठ, म्हणून नावंही साठ. पायथनच्या तिसऱ्या आवृत्तीपासून, म्हणजे २००८ पासून, नावं देवनागरीत देता येतात हे मी आदल्याच आठवड्यात सांगितलं होतं. त्याचा तिनं मनसोक्त फायदा घेतला होता. एकीखाली एक ओळी अशा नेमक्या बसल्या होत्या, की पंधरा ऑगस्टच्या सकाळी शाळेच्या मैदानावर उभी केलेली पोरंच आठवावीत.

"हे सगळं हातानं लिहिलंस?"

"हो सर. पण आता उद्याचं दूध कुठं लिहू? आणि संध्याकाळचं?" ती जरा घुटमळली. मग म्हणाली, "सर, ही नावं प्रोग्रॅमनंच तयार केली तर? मी नुसतं 'दूध' म्हणायचं, पुढचा आकडा त्यानं लावायचा. येतं का तसं करता?"

इतकी वर्षं शिकवतोय, पण या प्रश्नाशी मी दरवेळी अडखळतो. तो चुकीचा आहे म्हणून नव्हे. त्याचं खरं उत्तर 'येतं' असं आहे, म्हणून. पायथनच्या पोटात नावांची एक वही असते, तिच्यात परस्पर नोंद घालता येते. पीएचपीमध्ये डॉलरची दोन चिन्हं लागोपाठ लिहिली, की एका नावाच्या पोटात झोपलेलं दुसरं नाव जागं होतं. सगळं येतं. पण अशा आडवाटेनं गेलेल्यांना मी परत येताना पाहिलंय, आणि त्यांच्या चपला काही धड नसतात.

मी तिला उलटा प्रश्न विचारला. "तुझे वडील काट्यावर हाक कशी मारतात?"

"नंबरनं. 'चव्वेचाळीस, गाईचं, चार लिटर, फॅट तीन आठ.'"

"दूध चव्वेचाळीस म्हणत नाहीत?"

ती हसली. "सगळं दूधच असतंय की सर तिथं. दूध कशाला म्हणायचं?"

उत्तर तिनंच दिलं होतं. वहीच्या पुठ्ठ्यावर 'दूध' एकदाच लिहिलेलं असतं. आत फक्त ओळी असतात, आणि माणूस कितव्या ओळीत आहे तेवढं पाहायचं. तिनं पुठ्ठ्यावरचा शब्द साठ वेळा खाली उतरवून आणला होता आणि प्रत्येकापुढे आकडा चिकटवला होता. 'दूध४४' हे नावासारखं दिसतं खरं, पण त्यात नाव असं काही नाही. ती एक जागा आहे, आणि तिनं नावाचा अंगरखा घातलाय, इतकंच. प्रोग्रॅमला तर तो आकडा दिसतही नाही. त्याच्या लेखी दूध४३ आणि दूध४४ यांचं नातं कांदा आणि कपाट यांच्याइतकंच. शेजार आहे तो आपल्या डोळ्यांना. आणि नावं यंत्राकडून घडवून घेतली, तर पुढे प्रत्येक वेळी हाक मारायच्या आधी ते नाव पुन्हा जोडावं लागणार. पोराला हाक मारायची म्हणून दरवेळी बारसं करायचं, तसा हा प्रकार.

मी स्वतः हे सहज शिकलो असं मात्र नाही. मी बेसिकवर वाढलेला. ती भाषा १९६४ साली अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजात जन्मली, आणि तिच्या पहिल्या रूपात आकड्यांसाठीचं नाव म्हणजे एक रोमन अक्षर, फार तर त्यापुढे एकच आकडा. सव्वीस अक्षरं एकेकटी, आणि प्रत्येकापुढे शून्य ते नऊ, म्हणजे सगळी मिळून २८६ नावं. आमच्या वेळेपर्यंत लांब नावांची सोय झाली होती, पण शिकवणाऱ्यांची सवय जुनीच होती आणि तीच आमच्या हाताला लागली. वर्गाचा निकाल लावायचा एक प्रोग्रॅम मी तसा लिहिला होता. ए१ म्हणजे पहिल्या मुलाचं गणित, बी१ म्हणजे त्याचंच विज्ञान, असं करत गेलो. दहाव्या मुलाशी एक आकडी नावं संपली, तेव्हा मी अकराव्याला सी१ दिलं. कितवा मुलगा कुठल्या अक्षरात राहायला गेलाय हे एका चिठ्ठीवर लिहून खिशात ठेवलं. ती चिठ्ठी सदऱ्याबरोबर धुतली गेली. पुढे एका मुलाचं विज्ञान दुसऱ्याच्या गणितात जाऊन बसलं, आणि ज्याला ते मिळालं त्यानं अर्थातच तक्रार केली नाही.

नावांचा तुटवडा ही काही संगणकानं आणलेली अडचण नव्हे. भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास बीजगणित लिहिलं, तेव्हा समीकरणातल्या पहिल्या अज्ञात राशीला 'यावत्तावत्' म्हणत, जितकं असेल तितकं. दुसरी अज्ञात राशी आली की तिला रंगाचं नाव, कालक. मग नीलक, पीतक, लोहितक. लिहिताना नुसतं पहिलं अक्षर पुरे, या, का, नी, पी, लो. चाळीसगावजवळच्या पाटणला एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांच्या नातवानं, चांगदेवानं, आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला त्याचा. १२०७ सालची गोष्ट. त्या मठाच्या ओसरीवर एखादं पोर रंग मोजत बसलं असेल, असं मला उगाच वाटतं. काळा झाला, निळा झाला, पिवळा, तांबडा झाला. आणखी चार अज्ञातं निघाली तर गुरुजी कुठला रंग काढणार? रंगांची नावं गोड असतात, पण तांबड्याच्या पुढे कोण येतं हे रंग सांगत नाही. ते पाठ करावं लागतं.

पाचशे वर्षांनी जर्मनीत लाइबनिट्स याच ठेचेशी आला आणि त्यानं वेगळीच गंमत केली. १६९३ साली लोपिताल या फ्रेंच गणितज्ञाला लिहिलेल्या पत्रात त्यानं समीकरणांतल्या सहगुणकांना अक्षरं दिलीच नाहीत, दोन आकडी खुणा दिल्या. पहिला आकडा समीकरण कितवं ते सांगतो, दुसरा त्यात सहगुणक कुठल्या अज्ञाताचा ते. म्हणजे २१ हे त्याच्या पत्रात एकवीस नाहीच, दुसऱ्या ओळीतल्या पहिल्या अज्ञाताचं घर आहे. नाव गेलं आणि पत्ता आला. पुढे १८४३ साली एडा लव्हलेसनं बॅबेजच्या, कधीच पुरं न झालेल्या यंत्रासाठी जो तक्ता मांडला, त्यातही प्रत्येक खाना म्हणजे 'व्ही' हे एकच अक्षर आणि पायाशी त्याचा क्रमांक. तिनं त्याच्या डोक्यावर डावीकडे आणखी एक आकडा बसवला, त्या खान्यातली किंमत आतापर्यंत किती वेळा बदलली त्याचा. खाना तोच, आणि आतलं मात्र बदलत राहणारं. दूध घालणाऱ्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही.

तर मी तिच्या साठ ओळी पुसायला लावल्या. फार जिवावर आलं तिच्या. त्यांच्या जागी एकच ओळ आली: दूध, बरोबर, चौकोनी कंस. कंसात साठ आकडे, मध्ये स्वल्पविराम. यादी. ती म्हणाली, "एवढंच?" मी म्हणालो, "आता चव्वेचाळिसावा काढून दाखव." तिनं दूध[४४] लिहिलं आणि पडद्यावर पंचेचाळिसाव्याचा आकडा आला.

शून्याचं प्रकरण सांगायचं राहिलं होतं. यादीतल्या पहिल्याचा क्रमांक शून्य, हे ऐकून तिला जवळजवळ अपमान वाटला. वडिलांच्या वहीत शून्य नंबरचा सभासद नाही, असला तर तो दूध घालत नसणार. डाइकस्ट्रा या डच संगणकशास्त्रज्ञानं १९८२ साली स्वतःच्या हस्ताक्षरात एक टिपण लिहून, मोजणी शून्यापासूनच का करावी ते पटवलंय. पण मी त्या वाटेला गेलो नाही. म्हटलं, जिल्ह्याच्या गावी इस्पितळात जातेस, तेव्हा दारातून आत शिरल्याबरोबर असतो तो कुठला मजला? तळमजला. मग एक जिना चढलीस की पहिला. यादीत तो आकडा 'कितवा' नाही सांगत, किती जिने चढायचे ते सांगतो. पहिल्याकडे जायला एकही जिना नाही. ती क्षणभर वर छताकडे बघत राहिली, जणू मजले मोजतेय, आणि मग ४४ चे ४३ केले.

"आता संध्याकाळचं?"

इथे मला खरी मजा येते. कारण यादीत काय ठेवायचं याला बंधन नाही. आकडा ठेवा, शब्द ठेवा, नाहीतर आणखी एक यादीच ठेवा. साठ आकड्यांची एक यादी सकाळची, एक संध्याकाळची. दोन्ही मिळून एका दिवसाची यादी. असे दहा दिवस, कारण बिल दर दहा दिवसांनी निघतं. दहा गुणिले दोन गुणिले साठ, म्हणजे बाराशे जागा. बाराशे नावं लिहिताना तिचं शिक्षण संपलं असतं. आता नाव एकच आणि पुढे तीन कंस: दूध[३][१][४३]. मी तिला मोठ्यानं वाचायला लावलं. "चौथ्या दिवशी, संध्याकाळी, चव्वेचाळिसावा." वाचता वाचता ती थांबली. तिला तिथे माणूस दिसला असणार, किटली हातात धरून रांगेत उभा.

यादीच्या पोटात यादी आणि तिच्या पोटात आणखी यादी, याला मराठीत काय म्हणावं हे मला बरेच दिवस सुचत नव्हतं. मग आजोळचं माजघर आठवलं. कोपऱ्यात मातीच्या मडक्यांची उतरंड असे. सगळ्यांत खाली मोठा डेरा, त्यावर जरा लहान मडकं, त्यावर त्याहून लहान, टोकाला गाडगं आणि त्यावर झाकण. कुठल्या मडक्यावर काही लिहिलेलं नसे. आजी सांगे, "वरनं तिसऱ्यातली मूठभर चवळी आण." आम्ही दोन उतरवायची, तिसऱ्यात हात घालायचा. त्या मडक्यांना कुणी नावं दिली नव्हती आणि कुणाचं काही अडलंही नाही. जॉन मॅकार्थीनं १९५८ साली लिस्प ही भाषा रचायला घेतली, तेव्हा त्यानं सगळंच यादीत मांडायचं ठरवलं. विदा तर यादी होतीच, खुद्द प्रोग्रॅमही यादीच. त्या भाषेतले कंसांचे ढीग बघून लोक वैतागतात. मला मात्र तिथे आजोळचा कोपरा दिसतो, थोडा अंधार आणि चवळीचा वास.

आमच्या घरातही पत्ता असाच चाले. वडील तीन भाऊ. त्यामुळे काकवांना नावं नव्हतीच. एक थोरली, ती माझी आई. एक मधली काकू, एक धाकटी काकू. गावच्या पारावर कुणी म्हाताऱ्यानं अडवून "कुणाचा रं तू?" विचारलं, तर स्वतःचं नाव सांगून उपयोग नसे. "थोरल्यांचा मधला" म्हटलं की त्याची मान हलायची. दोन क्रमांकांत माझा पत्ता पुरा. मधल्या काकूचं नाव मला रेशनकार्डावर वाचून कळलं, तेव्हा मी सातवीत होतो. वाचून वाईट वाटलं असं म्हणणं खोटं होईल. कुणा परक्या बाईचं नाव आमच्या कार्डावर कसं, असंच वाटलं होतं.

आणि ज्या गोष्टीनं आपण सगळे लिहायला शिकलो तीही उतरंडच की. क ख ग घ ङ. च छ ज झ ञ. पाच ओळी, ओळीत पाच. ओळ सांगते आवाज तोंडात कुठे निघाला, कंठाशी, टाळूशी, दातांशी, की ओठांशी. ओळीतली जागा सांगते तो कसा निघाला. तिसऱ्या ओळीतलं तिसरं, ड. पाचवीतलं चौथं, भ. पाटीवर गिरवताना आपल्याला हे कुणी सांगितलं नाही, पण हाताला ते कळत होतं. त्यात पहिल्या ओळीच्या शेवटी तो ङ बसलेला. वाङ्मय सोडलं तर मराठीत त्याला फारसं घर नाही. ञ ची अवस्था त्याहून केविलवाणी. तरी त्यांना कुणी उठवलं नाही. उठवलं असतं तर ओळ चार अक्षरांची झाली असती, आणि ण न म यांच्या डोक्यावरचा खांब पोकळ झाला असता. त्यांना काम नसेल, पण जागा आहे.

हे त्या मुलीमुळेच माझ्या लक्षात आलं. यादी भरताना तिनं विचारलं, "सर, बत्तिसाव्याची म्हैस आटलीय. त्याचं काय लिहू, शून्य?" मी म्हटलं, शून्य लिही. ती म्हणाली, "पण शून्य लिटर आणलं असं नाही ना झालं. तो आलाच नाही." तिचं बरोबर होतं. पायथनमध्ये शून्याहून निराळी, 'काहीच नाही' अशी एक किंमत असते. तिनं ती तिथे ठेवली. सरासरी काढताना शून्य धरलं जातं आणि 'काहीच नाही' वगळावं लागतं, हे मी सांगणार होतो, पण तिला ते हिशेबातून नव्हे, रांगेतून कळलं होतं. रिकाम्या किटलीसह आलेला माणूस आणि न आलेला माणूस यांत फरक असतो.

तिसऱ्या दिवशी ती रडवेली होऊन आली. वही कुणीतरी भारली होती. तिनं पहिल्या दिवसाच्या रकान्यात साडेचार लिहिले, तर दहाच्या दहा दिवसांत साडेचार उमटले. पुसले तर सगळीकडून पुसले गेले. मी प्रोग्रॅम पाहिला आणि मला हसू आलं. बाराशे शून्यं हातानं कोण लिहिणार, म्हणून तिनं एका दिवसाच्या शून्यांची एक ओळ केली होती आणि तिला दहानं गुणलं होतं. तिला वाटलं दहा ओळी झाल्या. झालं होतं ते असं, की ओळ एकच आणि तिच्याकडे बोट दाखवणारी बोटं दहा. पायथनमध्ये नाव किंवा यादीतली जागा हा डबा नसतोच, दोरा बांधलेली चिठ्ठी असते. दहा चिठ्ठ्यांचे दोरे एकाच मडक्याला बांधले, तर कुठलाही दोरा ओढला तरी तेच मडकं हलणार.

"म्हणजे रोज तोच दिवस," ती डोळे पुसत म्हणाली. मग थोड्या वेळानं, "आमच्या आजीचं असंच चाललंय."

मला मधली काकू आठवली. माहेरी तिला एक नाव होतं, लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीनं दुसरं लिहिलं गेलं, तेच रेशनकार्डावर आलं, आणि घरात तर तिसरंच, मधली. तिन्ही चिठ्ठ्या एकाच बाईला बांधलेल्या. माहेरून पत्र आलं की त्यातल्या नावाला जे दुखायचं, ते त्या दिवशी मधलीच्या भाकरीत उतरायचं. नावं तीन म्हणून बाया तीन होत नाहीत.

दहा वेगळ्या ओळी कशा करायच्या ते मी तिला दाखवलं. चक्राच्या प्रत्येक फेऱ्याला नवी ओळ, नवी शून्यं. मडकी वेगळी घडवावी लागतात, आरशात बघून ती वाढत नाहीत.

पुढे तिला चटकच लागली. लिटर आणि फॅट दोन्ही हवं म्हणून चौथा कंस आला. गाईचं की म्हशीचं म्हणून पाचवा येऊ घातला. एका रात्री तिनं मला एक ओळ दाखवली, पाच कंसांची, आणि विचारलं, "सर, यातला तिसरा आकडा कशाचा होता?" लिहिली तिनंच होती. आकड्याचा हा स्वभाव मला जमिनीच्या कागदांवरून ठाऊक आहे. आमच्या सात-बारावर गट क्रमांक, पुढे तिरकी रेघ, पोटहिस्सा, पुन्हा रेघ, मग अ, मग २. प्रत्येक रेघ म्हणजे एक वाटणी, दोन भावांत झालेला एक अबोला. त्या रेघा कुणी घातल्या हे सांगणारे गेले, आणि आता तलाठ्यापुढे मी तो आकडा म्हणतो तो मंत्र म्हटल्यासारखा. शेतात जाताना मात्र आम्ही 'चिंचेचं रान' म्हणतो. चिंच पडून वीस वर्षं झाली.

तेव्हा मी तिला म्हटलं, आता नावांना परत बोलव. पण साठांना नको, दोघांनाच. एकाला 'लिटर' म्हण, एकाला 'फॅट'. पायथनमध्ये यादीसारखाच कोश असतो, त्यात आकड्याच्या जागी शब्द चालतो. जिथे रांग आहे तिथे आकडा, जिथे रांग नाही तिथे शब्द. लिटरनंतर फॅट येत नाही, तो शेजारी असतो. ही दोन वाक्यं मला तिशी ओलांडल्यावर कळली होती. तिनं ती वहीत लिहून घेतली आणि खाली रेघ मारली, म्हणजे ती विसरायला मोकळी झाली.

मागच्या आठवड्यात तिनं मला काट्यावर बोलावलं. प्रोग्रॅम चालू झाला होता. पत्र्याची शेड, एक बल्ब, भोवती किडे. ओल्या फरशीवर किटल्यांचे गोल ठसे, एकात एक अडकलेले. वडील आकडा उच्चारत, मुलगी बटणं दाबे, पावती निघे. चौदा, पंधरा, सोळा. मग वडील थांबले. वाटीतलं पाणी प्याले, टॉवेलनं कपाळ पुसलं. आणि मग, अठरा.

मी मुलीकडे बघितलं. "सतरा?"

"ते गेले सर. पावसाळ्यात." तिनं आवाज खाली आणला. "मी त्यांना यादीतून काढून टाकलं होतं. एका ओळीचं तर काम. पण मग अठरावा सतरा झाला, एकोणिसावा अठरा झाला, सगळे एकेक पायरी खाली आले. दुसऱ्या दिवशी गोंधळ. ज्याचं त्याचं दूध ज्याच्या त्याच्या शेजाऱ्याच्या नावावर. बाबा म्हणाले, ठेव तो तिथंच."

आजोळच्या उतरंडीतलं मधलं मडकं एकदा तडकलं होतं. आजीनं ते काढलं नाही, आतून चिंधी लावली आणि वरचं गाडगं पुन्हा त्यावर ठेवलं. त्यात पुढे काही साठवलं गेलं नाही. पण "वरनं तिसऱ्यातली चवळी" म्हटलं, की आम्ही त्या रिकाम्यालाही मोजायचो.

मी पडद्यावर वाकून पाहिलं. सोळा क्रमांकाच्या जागी, म्हणजे वहीतल्या सतराव्या ओळीत, तिनं शून्य लिहिलं नव्हतं. रांग पुढे सरकत होती. बाहेर कुणाची तरी किटली दुसऱ्या किटलीला लागून वाजली, आणि वडिलांनी मान वर न करताच पुढचा आकडा उच्चारला.